बेन्झोपायरीन डीएनएपर्यंत कसं पोहोचतं, आणि ते घडवणारं एन्झाइम बंद केलं तर काय होईल

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "बेन्झो-ए-पायरीन हा रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय रेणू. शरीरातलं सीवायपी१ए१ हे एन्झाइम त्याला घातक बनवतं असं वाचलं. मग शरीर स्वतःच विष का तयार करतं? आणि हे एन्झाइम औषधाने बंद केलं तर धुराने होणारा कर्करोग टळेल का? गावी माझी आजी रोज मशेरी भाजते, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी परीक्षेपुरता नाही."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, टळणार नाही. तो प्रयोग उंदरांवर होऊन गेला आहे, आणि ज्या उंदरांमधून हे एन्झाइम काढून टाकलं होतं तेच आधी दगावले. असं का झालं हे कळलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तरही हाती येतं. पण त्यासाठी रेणूपासून सुरुवात करायला हवी. 'चयापचयाने सक्रिय होतं' एवढं एकच वाक्य लिहून बहुतेक पाठ्यपुस्तकं पुढे जातात आणि सगळा विषय त्या वाक्यातच अडकून राहतो.

बेन्झोपायरीन म्हणजे षटकोनी फरशांसारखी कडेला कड लावून बसवलेली पाच बेन्झीन वलयं. वीस कार्बन, बारा हायड्रोजन, रेणुभार २५२. रेणू पूर्ण सपाट आहे आणि त्यावर कुठेही पाण्याशी जमवून घेणारा गट नाही, त्यामुळे लिटरभर पाण्यात तो जेमतेम काही मायक्रोग्रॅम विरघळतो. लाकूड, कोळसा, तंबाखू, डिझेल, निखाऱ्यावर ठिबकणारी मांसातली चरबी, असं काहीही सेंद्रिय अपुऱ्या हवेत जळलं की तो तयार होतो. पेशीच्या पटलातल्या चरबीत तो सहज शिरतो, पण डीएनएशी त्याची थेट रासायनिक अभिक्रिया होत नाही. परीक्षानळीत शुद्ध डीएनए आणि शुद्ध बेन्झोपायरीन एकत्र ठेवलं, तर फार तर तो सपाट रेणू बेसजोड्यांमध्ये, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांमध्ये, सरकून बसतो आणि धुतला की निघून जातो.

या निष्क्रियतेने संशोधकांना बराच काळ चकवलं. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुरांडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशावरचा कर्करोग आणि काजळी यांचा संबंध १७७५ मध्येच नोंदवला होता. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर लावून कर्करोग घडवून दाखवला. पुढे लंडनमध्येच अर्नेस्ट केनवे यांच्या गटाने दोन टन कोळशाच्या डांबराचा गाळ उकळत, गाळत, स्फटिक काढत १९३३ मध्ये त्यातून बेन्झोपायरीन वेगळं केलं. वाट दाखवायला त्यांच्याकडे होता तो फक्त अतिनील प्रकाशात त्या पदार्थांतून निघणाऱ्या चमकेचा वर्णपट. म्हणजे दोषी रेणू कोणता ते १९३३ मध्ये कळलं होतं. तो करतो काय, हे कळायला आणखी चाळीस वर्षं गेली. मधल्या काळात सगळ्यांचं लक्ष रेणूच्या ज्या भागात इलेक्ट्रॉनची दाटी जास्त त्या भागाकडे होतं. मूळ रेणूच तिथून थेट अभिक्रिया करत असणार, असा तर्क होता. तर्क देखणा होता, पण चुकीचा निघाला.

दिशा बदलली ती दोन कामांमुळे. अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या दांपत्याने दाखवलं की अनेक कर्कजनकं शरीरात बदलून इलेक्ट्रॉनची ओढ असलेले रेणू बनतात, आणि प्रथिनांना व डीएनएला चिकटतात ते हे बदललेले रेणू. दुसरं काम १९६४ चं, ब्रुक्स आणि लॉली यांचं. त्यांनी किरणोत्सारी खूण असलेले वेगवेगळे हायड्रोकार्बन उंदरांच्या त्वचेवर लावले आणि कोणता कशाला किती चिकटतो ते मोजलं. कर्करोग घडवण्याची ताकद प्रथिनांना चिकटण्याशी जुळली नाही. डीएनएला चिकटण्याशी जुळली. मला विचाराल तर या क्षेत्रातला सर्वांत निर्णायक पुरावा हाच. त्यानंतर दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, सिम्स, ग्रोव्हर आणि सहकाऱ्यांनी चिकटणारा रेणू ओळखला: बेन्झोपायरीनचं डायॉल-इपॉक्साइड, ज्याला आपण बीपीडीई म्हणतो.

आता ते तयार कसं होतं ते सावकाश पाहू. पहिली पायरी सीवायपी१ए१ किंवा सीवायपी१बी१ यांची. ही लोहयुक्त एन्झाइमं हवेतल्या ऑक्सिजनचा एक अणू बेन्झोपायरीनच्या एका बंधावर बसवतात. दोन कार्बन आणि हा ऑक्सिजन यांचं जे तीन अणूंचं वलय होतं त्याला इपॉक्साइड म्हणतात. कोणत्या बंधावर, याला फार महत्त्व आहे. चौथ्या-पाचव्या कार्बनवर बसला, नवव्या-दहाव्यावर बसला किंवा तिसऱ्यावर फिनॉल झाला, तर त्यातून होणारी बहुतेक संयुगं पुढे निकामी होऊन पित्तावाटे बाहेर पडतात. सातव्या-आठव्या कार्बनवर बसला तर मात्र पुढची वाट उघडते. दुसऱ्या पायरीवर मायक्रोसोमल इपॉक्साइड हायड्रोलेझ त्या इपॉक्साइडमध्ये पाण्याचा रेणू घालतं आणि ७,८-डायहायड्रोडायॉल, म्हणजे दोन हायड्रॉक्सिल गटांचा रेणू, थोडक्यात डायॉल, तयार होतं. इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. इपॉक्साइड हायड्रोलेझ हे पाठ्यपुस्तकात निर्विषीकरण करणारं एन्झाइम म्हणून येतं, आणि बहुतेक रेणूंच्या बाबतीत ते तसंच वागतं. पण इथे त्यानेच धोक्याच्या वाटेवरचं दुसरं पाऊल टाकलेलं असतं. याचा पुरावा प्राण्यांमधून मिळाला. बेन्झोपायरीनच्याच जातकुळीतल्या डीएमबीए या हायड्रोकार्बनने साध्या उंदरांच्या त्वचेवर गाठी येतात. हे हायड्रोलेझ काढलेले उंदीर मात्र त्या गाठींपासून बचावले.

तिसऱ्या पायरीवर तेच डायॉल पुन्हा सीवायपीच्या हाती लागतं. आता ऑक्सिजन नवव्या-दहाव्या कार्बनवर बसतो आणि ७,८-डायॉल-९,१०-इपॉक्साइड तयार होतं. या रेणूची चार त्रिमितीय रूपं असू शकतात. सूत्र एकच, फक्त ऑक्सिजन वलयाच्या वर आहे की खाली एवढाच फरक. एन्झाइमची खोबण उजवं-डावं ओळखते, त्यामुळे पेशीत यातलं एकच रूप ठळकपणे बनतं: प्लस-अँटी बीपीडीई. आणि दुर्दैव असं की चौघांत सर्वाधिक कर्कजनक तेच आहे.

ते इतकं घातक का, याचं कारण रेणूच्या आकारात आहे. दहावा कार्बन रेणूच्या एका आत वळलेल्या खाचेत येतो. त्या खाचेला रसायनशास्त्रात बे रीजन म्हणतात. तिथलं इपॉक्साइड उघडलं की दहाव्या कार्बनवर धनभार येतो, आणि शेजारी असलेली चार अखंड अ‍ॅरोमॅटिक वलयं तो भार आपसात वाटून घेतात. त्यामुळे ते इपॉक्साइड सहज उघडतं. शिवाय त्या अडचणीच्या जागेत इपॉक्साइड हायड्रोलेझला नीट पोहोचता येत नाही. ज्या एन्झाइमने पहिलं इपॉक्साइड मोडलं त्याच्या हाताला हे दुसरं लागत नाही. अनेक हायड्रोकार्बनची कर्कजनकता या एका नियमाने बऱ्याच अंशी सांगता येते. अँथ्रासीनला अशी खाच नाही, आणि ते दुर्बळ आहे. डायबेन्झो-ए,एल-पायरीनला याहून खोल खाच आहे, तिला फ्योर्ड रीजन म्हणतात, आणि ते आजवर तपासलेल्या हायड्रोकार्बनमध्ये सर्वांत जबर कर्कजनकांपैकी आहे.

बीपीडीई तयार झालं म्हणजे डीएनए बिघडलाच, असं नाही. पाण्यात ते काही मिनिटांत आपोआप मोडून चार हायड्रॉक्सिल गटांचं निरुपद्रवी टेट्रॉल होतं. काहींना ग्लुटाथायोन-एस-ट्रान्सफरेझ ग्लुटाथायोनशी जोडून निकामी करतं. त्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे फिनॉल आणि डायॉल असतानाच, ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून बरेच रेणू बाहेर काढले जातात. केंद्रकापर्यंत पोहोचलेल्या बीपीडीईतलाही मोठा भाग डीएनएच्या सान्निध्यात टेट्रॉलच होतो. उरतो तो छोटा वाटा ग्वानिन या डीएनएच्या अक्षराच्या दोन क्रमांकाच्या कार्बनवर असलेल्या अमिनो गटाला सहसंयुज बंधाने जोडला जातो. या जोडाला अ‍ॅडक्ट म्हणतात. बीपीडीई आधी बेसजोड्यांमध्ये सरकतं, मग बंध तयार होतो, आणि बंध झाल्यावर पायरीनचा तो मोठा सपाट तुकडा डीएनएच्या अरुंद खाचेत साखळीच्या एका, म्हणजे पाच-प्राइम, टोकाकडे तोंड करून पडून राहतो.

त्याची ही पडून राहण्याची पद्धत फार महत्त्वाची आहे. या स्थितीत ग्वानिन आणि समोरचं सायटोसिन यांची जोडी तुटत नाही. साखळी थोडी वाकते, तिची पकड सैल होते, पण बाहेरून पाहता बिघाड मोठा वाटत नाही. पेशीची दुरुस्तीयंत्रणा मात्र नेमका असा बिघाड शोधूनच काम करते. न्यूक्लिओटाइड एक्सिजन रिपेअर या दुरुस्तीच्या पद्धतीत एक्सपीसी हे प्रथिन साखळीतला विस्कळीतपणा चाचपतं, मग टीएफआयआयएच साखळी उलगडतं, एक्सपीजी आणि एक्सपीएफ दोन बाजूंनी कापतात आणि साधारण चोवीस ते बत्तीस न्यूक्लिओटाइडचा तुकडा अ‍ॅडक्टसकट काढून टाकला जातो. रिकामी जागा समोरच्या साखळीवरून भरून घेतली जाते. ज्या रूपात पायरीन आत घुसून बेसलाच बाहेर ढकलतं, ते रूप लवकर सापडतं आणि लवकर कापलं जातं. अरुंद खाचेत पडून राहणारं नेहमीचं रूप त्या मानाने सावकाश निघतं. डायबेन्झोपायरीनचे अ‍ॅडेनिनवरचे अ‍ॅडक्ट तर दोन बेसजोड्यांमध्ये इतके घट्ट बसतात की दुरुस्तीयंत्रणेला ते जवळजवळ दिसतच नाहीत. त्याची ताकद जास्त का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

विद्यार्थी इथे हमखास एक उडी मारतात: अ‍ॅडक्ट झाला म्हणजे म्युटेशन झालं. तसं नाही. अ‍ॅडक्ट ही फक्त इजा आहे. ती पुसली जाऊ शकते. म्युटेशन हा अक्षरांतला बदल आहे आणि पेशी विभागली की तो पुढच्या पिढ्यांत कायम होतो. एकाचं दुसऱ्यात रूपांतर व्हायला पेशीने दुरुस्तीआधीच डीएनएची प्रत काढायला घ्यावी लागते. प्रत काढणारं नेहमीचं एन्झाइम, पॉलिमरेझ, अ‍ॅडक्टपाशी अडतं. अडून राहिलं तर पेशी मरेल, म्हणून अडथळा ओलांडू शकणारी दुसरी पॉलिमरेझं बोलावली जातात. त्यातलं पॉलिमरेझ कप्पा या अ‍ॅडक्टसमोर बहुधा योग्य अक्षर, सायटोसिन, ठेवतं. पॉलिमरेझ ईटा पुष्कळदा अ‍ॅडेनिन ठेवतं. पुढच्या विभाजनात त्या अ‍ॅडेनिनसमोर थायमिन येतं आणि मूळच्या ग्वानिनच्या जागी थायमिन कायम होतं. ग्वानिनचं थायमिन, जी ते टी, ही बेन्झोपायरीनची ओळखखूण आहे.

ही खूण माणसाच्या गाठींमध्ये सापडते म्हणूनच एवढ्या रसायनशास्त्राला अर्थ आहे. १९९६ मध्ये डेनिसेंको, फायफर आणि सहकाऱ्यांनी पेशींना बीपीडीई दिलं आणि पेशीला कर्करोगापासून राखणाऱ्या पी५३ जनुकात अ‍ॅडक्ट नेमके कुठे बसतात ते पाहिलं. १५७, २४८ आणि २७३ या कोडॉनवर, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या गटांवर, ते ठळकपणे जमा झाले होते. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या गाठींमध्ये पी५३ वारंवार बिघडलेलं सापडतं तेही याच जागांवर. त्या जागी सायटोसिन आणि ग्वानिन शेजारी असतात आणि सायटोसिनवर मिथाइल गट असतो. त्या मिथाइलमुळे शेजारच्या ग्वानिनला बीपीडीई जास्त चिकटतं. आणखी एक बारकावा मला नेहमी पटवून देणारा वाटतो. जनुक वाचलं जात असताना वाचक एन्झाइम अ‍ॅडक्टपाशी अडतं आणि त्यामुळे वाचल्या जाणाऱ्या साखळीची दुरुस्ती आधी होते. समोरची साखळी मागे राहते. फुप्फुसाच्या गाठींमध्ये जी ते टी बदल नेमके या मागे राहिलेल्या साखळीवर जास्त सापडतात. योगायोगाने एवढं सगळं जुळत नाही.

पुढे संपूर्ण जनुकसंच वाचणं शक्य झालं तेव्हा हीच खूण एसबीएस४ या नावाने तंबाखूच्या धुराची सही म्हणून नोंदली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशोबानुसार रोज एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढली तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० म्युटेशनं साठतात. धुरात बेन्झोपायरीनशिवाय इतरही डझनावारी कर्कजनकं आहेत, त्यामुळे ही सगळी म्युटेशनं एकट्या त्याची म्हणणं बरोबर नाही. पण त्या सहीचा आकार प्रयोगशाळेत पेशींना बेन्झोपायरीन दिल्यावर येणाऱ्या आकाराशी मिळतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पेशीत अ‍ॅरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर, थोडक्यात एएचआर, नावाचं एक प्रथिन असतं. एरवी ते एचएसपी९० सारख्या साथीदारांसह पेशीद्रवात असतं. बेन्झोपायरीनसारखा सपाट रेणू त्याला बसला की ते केंद्रकात जातं, एआरएनटी या प्रथिनाशी जोडी करतं आणि काही ठरावीक जनुकं चालू करतं. त्यात सीवायपी१ए१ आणि सीवायपी१बी१ येतात, आणि त्यासोबत ग्लुकुरोनिक आम्ल जोडणारी, ग्लुटाथायोन जोडणारी, क्विनोन निकामी करणारी एन्झाइमंही येतात. म्हणजे सक्रिय करणारी आणि निकामी करणारी दोन्ही फळ्या एकाच आदेशाने कामाला लागतात. ही यंत्रणा धुरासाठी घडलेली नाही. वनस्पतींच्या अन्नातली इंडोल संयुगं, ट्रिप्टोफॅनपासून शरीरातच बनणारे काही सपाट रेणू यांचा निचरा करणं हे तिचं रोजचं काम. शरीर विष बनवायला बसलेलं नाही. पाण्यात न विरघळणारी वस्तू बाहेर काढायची तर तिच्यावर ऑक्सिजन बसवावाच लागतो, आणि बेन्झोपायरीनच्या बाबतीत त्या वाटेवर एक घसरण आहे.

एएचआर नसलेल्या उंदरांच्या त्वचेखाली बेन्झोपायरीन टोचलं तेव्हा त्यांना गाठी आल्या नाहीत. साध्या उंदरांना आल्या. हा २००० मधला निकाल वाचून अनेकांनी तुमच्यासारखाच निष्कर्ष काढला. मग डॅनियल नेबर्ट यांच्या गटाने सीवायपी१ए१ नसलेले उंदीर घेतले आणि त्यांना बेन्झोपायरीन तोंडावाटे, रोज, मोठ्या मात्रेत दिलं. साधे उंदीर वर्षभर धडधाकट राहिले. एन्झाइम नसलेले महिन्याभरात मेले. त्यांची अस्थिमज्जा आणि रोगप्रतिकारक अवयव खलास झाले होते. कारण असं: साध्या उंदरात आतड्याच्या अस्तरातलं आणि यकृतातलं सीवायपी१ए१ बेन्झोपायरीनला आत शिरतानाच पकडतं आणि जवळच असलेली जोडणी-एन्झाइमं त्याचा निकाल लावतात. ते नसलं की अख्खं बेन्झोपायरीन रक्तातून अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतं. तिथे सीवायपी१बी१ आहे, पण निकामी करणारी फळी कमजोर आहे. मग दोन्ही एन्झाइमं काढलेले उंदीर तपासले, तेव्हा अस्थिमज्जा आणि रोगप्रतिकारक अवयव बचावले. दुसऱ्या एका गटाने यकृतातल्या सगळ्या सीवायपींना इलेक्ट्रॉन पुरवणारं रिडक्टेझच यकृतातून काढलं. यकृतात अ‍ॅडक्ट कमी होतील अशी अपेक्षा होती. ते कितीतरी पटींनी वाढले.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'हे एन्झाइम चांगलं की वाईट' हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. विचारायचं ते असं: कोणत्या ऊतीत, कोणत्या वाटेने आलेलं, किती मात्रेचं बेन्झोपायरीन आहे, आणि तिथे डायॉल दुसऱ्यांदा सीवायपीच्या हाती लागण्याआधी त्याला जोडून बाहेर काढणारं कोणी आहे का? आतड्यात आणि यकृतात उत्तर बहुधा हो आहे. फुप्फुसाच्या श्वासनलिकांच्या अस्तरात, त्वचेत, स्तनाच्या ऊतीत ते डळमळीत आहे. औषध देऊन सगळीकडचं सीवायपी१ए१ दाबणं म्हणजे आतड्यातला पहारा काढून घेणं. म्हणून अशा औषधावर माझा भरवसा नाही.

हळदीबद्दल नेहमी विचारलं जातं, म्हणून सांगते. नवी मुंबईत खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी उंदरांना आहारातून कर्क्युमिन दिलं, तेव्हा बेन्झोपायरीनमुळे होणारी सीवायपीची वाढ दबली आणि निकामी करणारी एन्झाइमं वाढली. काम चांगलं आहे. पण माणसाच्या आतड्यातून कर्क्युमिन फार थोडं शोषलं जातं. भाजीतल्या चिमूटभर हळदीने धुराची भरपाई होते असा अर्थ त्यातून काढू नका, आणि इतर कोणी काढत असेल तर त्यालाही सांगा.

बीपीडीई ही एकमेव वाट नाही, हेही नोंदवून ठेवा. ७,८-डायॉलवर अल्डो-कीटो रिडक्टेझ एन्झाइमांनी काम केलं की ऑर्थो-क्विनोन तयार होतं. ते पेशीत पुन्हा पुन्हा अपचयित-ऑक्सिडित होत राहतं आणि दर फेरीत ऑक्सिजनचे मुक्त मूलक सोडतं. त्यातून ग्वानिनचंच ८-ऑक्सोग्वानिन होतं, आणि गंभीर गोष्ट ही की त्यातूनही जी ते टीच बदल होतो. तिसरी वाट एक-इलेक्ट्रॉन ऑक्सिडेशनची, जिच्यात बेस साखळीतून गळूनच पडतो. या दोन वाटांचा वाटा किती यावर वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. माझा कल बीपीडीईकडे आहे, कारण गाठींमधल्या जागांचा नकाशा तिच्याशी सर्वाधिक जुळतो. बेन्झीनला मात्र या सगळ्यातलं काहीही जसंच्या तसं लावू नका. तो एका वलयाचा रेणू. सीवायपी२ई१ त्याचं फिनॉल आणि हायड्रोक्विनोन करतं, अस्थिमज्जेतलं मायलोपेरॉक्सिडेझ त्यापुढे बेन्झोक्विनोन करतं, आणि त्याचा मुख्य मारा अ‍ॅडक्टपेक्षा गुणसूत्रं मोडण्यावर असतो. म्हणून त्यातून रक्ताचा कर्करोग होतो.

आता आजींबद्दल. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. भाजताना अपुऱ्या हवेत जळण होतं आणि त्यात बेन्झोपायरीनसह अनेक हायड्रोकार्बन तयार होतात. तंबाखूतली एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसामाइनं आधीपासून असतातच. म्हणजे हिरड्यांवर घासली जाणारी पूड दोन्ही प्रकारची कर्कजनकं एकत्र आणते, आणि भाजणारीच्या फुप्फुसात जाणारा धूर वेगळा. 'दात साफ होतात, ही काही तंबाखू खाणं नव्हे' हा समज महाराष्ट्रातल्या घराघरांत मी ऐकला आहे आणि तो मला फार सलतो, कारण या सवयीत अडकलेल्या बायकांना कुणी व्यसनी समजत नाही आणि म्हणून मदतही देऊ करत नाही. आजींना निकोटिनची ओढ आहे, ती दटावून जाणार नाही. १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तिखट झोंबत असेल, तोंड कमी उघडत असेल, तर दंतवैद्याकडे आधी न्या.

घरात चूल असेल तर तिच्याकडेही पाहा. चीनच्या युन्नान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तिथल्या बायका सिगारेट ओढत नव्हत्या, तरी फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण अफाट होतं, कारण घरात उघड्यावर धूर सोडणारा दगडी कोळसा जळत होता. जिथे चुलीला धुरांडं बसवलं तिथे पुढच्या वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पुरुषांत आणि स्त्रियांत चाळीस टक्क्यांहून जास्त घटला. कोणाचंही एन्झाइम बदललं नव्हतं. आत जाणारी मात्रा घटली होती. आपल्याकडे जळण लाकडाचं आणि गोवऱ्यांचं आहे, कोळशाचे आकडे त्याला तसेच लागू होत नाहीत. तरी धूर घराबाहेर काढणं हा उपाय दोन्हीकडे सारखाच खरा आहे. भारतात बाहेरच्या हवेसाठी बेन्झोपायरीनची वार्षिक मर्यादा २००९ पासून घनमीटरला एक नॅनोग्रॅम आहे. स्वयंपाकघराच्या आत ती कोणी मोजत नाही.

तुम्हाला प्रकल्प करायचा असेल तर दोन सूचना. रसायन म्युटेशन घडवतं का हे जीवाणूंवर पाहणाऱ्या एम्स चाचणीत बेन्झोपायरीन आधी एस९ शिवाय, म्हणजे यकृतातल्या एन्झाइमांच्या अर्काशिवाय, लावा: साल्मोनेलाच्या टीए१०० वाणाच्या बश्या कोऱ्या नियंत्रणासारख्याच दिसतील. मग उंदराच्या यकृताचा एस९ अर्क घालून लावा आणि वसाहती मोजा. चयापचयाशिवाय हा रेणू काही करत नाही, ही गोष्ट त्या दोन बश्या शेजारी ठेवल्यावर विद्यार्थ्यांच्या मनात जशी बसते तशी कोणत्याही व्याख्यानाने बसत नाही. आणि माणसांमध्ये संपर्क मोजायचा असेल तर लघवीतलं १-हायड्रॉक्सिपायरीन मोजा. ते बेन्झोपायरीनचं नव्हे, त्याच्या बरोबरीने धुरात येणाऱ्या पायरीनचं चयापचयज आहे, पण मुबलक असतं आणि मोजायला सोपं. ते फक्त मागच्या एक-दोन दिवसांचा संपर्क सांगतं, म्हणून नमुना चूल पेटवण्याआधी आणि स्वयंपाक झाल्यावर असा दोनदा घ्या, लघवी किती पातळ आहे याचा फरक पडू नये म्हणून क्रिएटिनिनने भागून लिहा, आणि बिडी-सिगारेट, मशेरी व आदल्या दिवशीचं भाजलेलं मांस यांची नोंद प्रत्येक नमुन्यासोबत ठेवा.